पुढचा प्लग किती दूर?

मनालीहून लेहला जाणाऱ्या रस्त्यावर, केलाँगच्या थोडे अलीकडे, तांदी नावाचे एक छोटेसे ठिकाण आहे. चंद्रा आणि भागा या नद्यांचा संगम तिथे होतो. पण या मार्गाने गेलेल्या प्रवाशांच्या लक्षात संगमापेक्षा तिथला पेट्रोल पंप अधिक राहिला. पंपाजवळच्या फलकावर अनेक वर्षे एकच सूचना होती: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. फलक वाचून प्रत्येक चालक टाकी काठोकाठ भरून घेई आणि बहुतेक जण एखादा वीस लिटरचा डबाही सोबत घेत.

विजेवर चालणारी गाडी घेऊन अशा दुर्गम रस्त्याने जाता येईल का, हा प्रश्न आता विद्यार्थीही विचारू लागले आहेत. त्यावर मिळणारी उत्तरे सहसा दोन टोकांची असतात. एक म्हणजे ‘छे, डोंगरात बॅटरी टिकणारच नाही’, आणि दुसरे म्हणजे ‘पुढची दोन-चार वर्षे थांबा, सगळे होईल’. ही दोन्ही उत्तरे आकडेमोड न करता दिलेली असतात. ती आकडेमोड आठवी-नववीच्या विज्ञानापलीकडची नाही. तेव्हा तांदीचा तो फलक समोर ठेवून आपणच गणित मांडून पाहू.

डबा आणि बॅटरी

प्रथम ऊर्जा मोजण्याचे एकक ठरवू. आपल्या विजेच्या बिलात ज्याला ‘युनिट’ म्हणतात ते म्हणजे एक किलोवॉट-तास. एक हजार वॉटची शेगडी तासभर चालवली की एक युनिट खर्च होते. हे एकक विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे, म्हणून सगळा हिशोब त्यातच करू.

एक लिटर डिझेल जाळल्यावर सुमारे १० युनिट ऊर्जा उष्णतेच्या रूपाने मिळते. म्हणजे वीस लिटरच्या डब्यात २०० युनिट झाली. पण इंजिन ही उष्णतेवर चालणारी यंत्रणा आहे. तीत तीन चतुर्थांश ऊर्जा धुराड्यातून आणि रेडिएटरमधून वाया जाते आणि चाकांपर्यंत साधारण पाव भाग, म्हणजे ५० युनिट पोचतात. विजेच्या मोटरचे तसे नाही. बॅटरीतून निघालेल्या ऊर्जेपैकी ८५ ते ९० टक्के ऊर्जा चाकांना मिळते. त्यामुळे चाकांना ५० युनिट द्यायची तर बॅटरीत सुमारे ५७ युनिट असली की भागते. विजेच्या गाडीची ही मोठीच जमेची बाजू आहे.

आता वजन पाहू. वीस लिटर डिझेलचे वजन सुमारे १७ किलो. गाडीत बसवण्याच्या लिथियम-आयन बॅटरीत, तिची पेटी आणि जोडण्या धरून, दर किलोमागे अंदाजे ०.१५ युनिट ऊर्जा मावते. ५७ युनिटांसाठी अशी सुमारे ३८० किलोची बॅटरी लागेल. डबा एक माणूस उचलून टपावर ठेवू शकतो. ३८० किलोची बॅटरी कोण उचलणार? दुर्गम प्रवासातली खरी अडचण ही आहे. पेट्रोल-डिझेल पाठीवर वाहून नेता येते, वीज तशी नेता येत नाही. ती जिथे असेल तिथे जाऊनच घ्यावी लागते.

घाट चढताना आणि उतरताना

मग डोंगराचे काय? तांदी-केलाँगचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० मीटर उंचीवर आहे. तिथून रस्ता बारालाचा ला या खिंडीत सुमारे ४,८५० मीटरपर्यंत चढतो (तिकडच्या भाषेत ‘ला’ म्हणजेच खिंड), सारचूला उतरतो, पुन्हा नाकी ला आणि ५,००० मीटरहून उंच लाचुंग ला ओलांडतो, पांगला उतरतो आणि मोरे मैदानावरून तांगलांग ला या ५,३०० मीटरच्या खिंडीत चढून शेवटी ३,५०० मीटर उंचीवरच्या लेहला पोचतो. सगळे लहानमोठे चढ एकत्र केले तर बेरीज साधारण ३,५०० मीटर होते आणि उतारांची ३,०००.

प्रवाशांसह गाडीचे वस्तुमान २,००० किलो धरू. ती १,००० मीटर उंच नेण्यासाठी लागणारी स्थितिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार: २,००० × ९.८ × १,००० = १ कोटी ९६ लाख ज्यूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागाकार केला की ५.४ युनिट येतात. हा आकडा वर्गात काढून दाखवावा, कारण तो अपेक्षेपेक्षा लहान आहे. दोन टनांची गाडी एक किलोमीटर उभी उचलायला जेमतेम साडेपाच युनिट लागतात!

यावरून ३,५०० मीटरच्या चढासाठी १९ युनिट लागतील. मोटरमधली घट धरली तर बॅटरीतून २२ जातील. पण विजेच्या गाडीची खरी गंमत उतारावर आहे. साध्या गाडीत उतारावर ब्रेक दाबला की ऊर्जा ब्रेकच्या पट्ट्या तापवण्यात नाहीशी होते. विजेच्या गाडीत तीच मोटर उलट काम करून जनित्र बनते आणि बॅटरी भरते. यात उताराच्या ऊर्जेपैकी साठ टक्के परत मिळते असे मानू. ३,००० मीटरच्या उतारातून मग सुमारे १० युनिट परत येतील. म्हणजे चार मोठ्या खिंडींचा निव्वळ खर्च १२ युनिटांचाच झाला.

सपाटीचा खर्च याहून बराच मोठा आहे. वळणांच्या, मधूनमधून खडबडीत रस्त्यावर दर किलोमीटरला ०.१३ युनिट धरले तर ३६५ किलोमीटरना ४७ युनिट होतात. वेग कमी असतो आणि हवा विरळ असते, त्यामुळे हवेचा विरोध फारसा जाणवत नाही. गुळगुळीत महामार्गावर ताशी शंभरच्या वेगाने जाणारी गाडी दर किलोमीटरला याहून जास्त वीज खाते. डोंगरातला मंद प्रवास विजेच्या गाडीला एका परीने मानवतोच.

आणखी एक फायदा आहे. तांगलांग ला वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. ज्या इंजिनाला टर्बोची मदत नाही त्याला तिथे प्राणवायू पुरेनासा होतो, गाडी धापा टाकते, काळा धूर सोडते. विजेच्या मोटरला श्वासच घ्यावा लागत नाही, त्यामुळे तिची ताकद पायथ्याशी होती तेवढीच माथ्यावर असते. २०२० साली तिबेटमधल्या सावुला खिंडीत ५,७३१ मीटर उंचीपर्यंत विजेची गाडी पोचल्याची नोंद विक्रमांच्या पुस्तकात झाली. तेव्हा उंचीची भीती बाळगण्याचे कारण नाही.

थंडीचा वाटा

मात्र उंचीबरोबर थंडी येते आणि ती दोन बाजूंनी घाव घालते.

पहिली बाजू प्रवाशांच्या उबेची. साध्या गाडीत इंजिनाची वाया जाणारी उष्णता फुकट उपलब्ध असते. विजेच्या गाडीत वाया जाणारे फारसे काही नसल्यामुळे ऊब बॅटरीतूनच विकत घ्यावी लागते. हीटर सरासरी दीड किलोवॉटचा धरू. ३६५ किलोमीटरना सरासरी ताशी ३० च्या वेगाने बारा तास लागतील. बारा तासांचे १८ युनिट झाले. म्हणजे चारही खिंडी चढण्या-उतरण्यापेक्षा उबेचा खर्च जास्त! विद्यार्थ्यांना हे आश्चर्याचे वाटेल, पण त्यामागचे कारण साधे आहे. चढ-उताराचा खर्च उंचीवर अवलंबून असतो, तर हीटरचा खर्च वेळेवर. गाडी जितकी हळू, तितका हीटर महाग.

दुसरी बाजू बॅटरीच्या आतली. लिथियम-आयन बॅटरीत लिथियमचे आयन एका द्रावणातून ये-जा करतात आणि भरताना ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. थंडीत ही हालचाल मंदावते. त्यामुळे साठवलेल्या ऊर्जेपैकी काही भाग बाहेर काढता येत नाही. आपण दहा टक्क्यांची घट धरू. गोठणबिंदूखाली जोराने चार्जिंग केले तर आयन थरांत शिरण्याऐवजी ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावरच धातुरूपात साचू लागतात. अशाने बॅटरीची क्षमता कायमची घटते आणि धोकाही उद्भवतो. म्हणून गाडीतली नियंत्रण यंत्रणा थंड बॅटरी आधी ऊबदार करते, मगच सावकाश भरते.

थंडी डिझेललाही सोडत नाही हे इथे सांगितले पाहिजे. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधले मेण गोठते आणि नळ्या तुंबतात. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत पातळ राहणारे खास हिवाळी डिझेल २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये उपलब्ध झाले. त्यापूर्वीची कितीतरी वर्षे तिथले चालक आपापल्या युक्त्यांनी वेळ निभावून नेत होते. एखादे वाहन दुर्गम भागात ‘व्यवहार्य’ ठरते ते केवळ त्याच्या गुणांवर नव्हे. त्याच्यामागे अशा अनेक सोयी हळूहळू उभ्या राहिलेल्या असतात.

बेरीज

आता बेरीज करू. सपाटीचे ४७, चढ-उताराचे १२ आणि उबेचे १८ मिळून ७७ युनिट झाले.

२०२४ च्या अखेरीस महिंद्र कंपनीने ७९ युनिटांच्या बॅटरीच्या गाड्या भारतात सादर केल्या. कागदावर ७९ मधून ७७ वजा जातात. पण दोन युनिटांच्या भरवशावर तांगलांग ला कोणी चढू नये! वाटेत दरड कोसळलेली असते, लष्करी वाहनांच्या रांगेसाठी थांबावे लागते, पाण्याचा ओढा वाढलेला असतो. शहाणा प्रवासी टाकीचा पाचवा भाग नेहमी शिल्लक ठेवतो. तसा हिशोब केला तर ९६ युनिटांची बॅटरी हवी. एका दमात जाणे आज बहुतेक गाड्यांना जमणार नाही.

पण एका दमात जायचे कशाला? उंचीची सवय व्हावी म्हणून बरेच प्रवासी वाटेत, सारचू किंवा पांगच्या तंबूंत, एक रात्र काढतातच. समजा आपली बॅटरी ६० युनिटांची आहे, केलाँगला ती पूर्ण भरली आहे आणि मुक्काम पांगला आहे. पांग जवळपास अर्ध्या वाटेवर येते. पण मोठे चढ बरेचसे पहिल्या टप्प्यात असल्यामुळे तिथपर्यंत ४७ युनिट खर्च होतात आणि १३ उरतात. पांगला रात्री १५ अँपिअरचा एक साधा प्लग मिळाला, तर २३० व्होल्टला तो सुमारे साडेतीन किलोवॉट देईल. दहा तासांत ३४ युनिट येतील. त्यातले थोडे चार्जरमध्ये आणि बॅटरी ऊबदार ठेवण्यात जाऊन ३० साठतील. सकाळी बॅटरीत ४३ असतील. पुढच्या टप्प्याला ३० लागतात. म्हणजे लेहला पोचताना १३ शिल्लक. थंडीने दहा टक्के खाल्ले तर ७.

म्हणजे या रस्त्यावर ‘अशक्य’ आणि ‘शक्य’ यांच्यात किती अंतर आहे? रात्रभर चालणाऱ्या एका प्लगचे. त्यासाठी मोठे चार्जिंग केंद्र लागत नाही. आपल्या स्वयंपाकघरात गीझर किंवा शेगडी लावतो तसला प्लग पुरतो.

प्लगच्या मागे काय आहे?

इथेच प्रश्नाचा अवघड भाग सुरू होतो, आणि तो केवळ गाडीचा राहत नाही. लेह शहर २०१९ पासून श्रीनगरहून येणाऱ्या वाहिनीने देशाच्या वीजजाळ्याला जोडलेले आहे. पण वाटेतल्या तंबूंना जी वीज मिळते ती डिझेल जनित्राची किंवा छोट्या सौर पट्ट्यांची. तिथे आपल्या गाडीने रात्रीत ३४ युनिट घेणे म्हणजे काय? दिवसाला दोन युनिट वापरणाऱ्या घराची सतरा दिवसांची वीज. पाहुण्याने आल्या आल्या यजमानाची रांजणभर पाण्याची साठवण संपवण्यासारखेच ते आहे.

जनित्र लावून गाडी भरली तर? एक लिटर डिझेलमागे लहान जनित्र सुमारे तीन युनिट देते. ३४ युनिटांना ११ ते १२ लिटर डिझेल जळेल. हे ऐकून पुष्कळ जण हसतात: शेवटी डिझेलच ना! पण हिशोब पाहा. तांदी ते लेह हे पूर्ण अंतर डिझेलची गाडी लिटरला १२ किलोमीटर धरून ३० लिटर पिते. जनित्राच्या ३४ युनिटांतून बॅटरीत पोचलेल्या ३० युनिटांवर विजेची गाडी या रस्त्यावर सुमारे १४० किलोमीटर जाते, म्हणजे जनित्राच्या दर लिटरमागेही साधारण १२ किलोमीटरच पडतात. जनित्रावर भरणे ही लाजेची गोष्ट नाही. तो एक बरोबरीचा व्यवहार आहे. ऑस्ट्रेलियात नलारबोर या विराण मैदानातून जाणाऱ्या महामार्गावर जॉन एडवर्ड्स या निवृत्त अभियंत्याने याच विचाराची पुढची पायरी गाठली. उपाहारगृहात तळणीसाठी वापरून उरलेल्या तेलावर जनित्र चालवून त्यांनी कायगुना येथे २०२२ मध्ये गाड्यांसाठी चार्जर सुरू केला.

आणि सूर्य? लडाखच्या उन्हाची ख्याती मोठी आहे. ४०० वॉटची एक सौर पट्टी सुमारे दोन चौरस मीटरची असते. गाडीच्या टपावर एकच नीट मावते. दिवसाला पाच तासांचे पूर्ण ऊन आणि वीस टक्के घट धरली तर तिच्यातून १.६ युनिट मिळतात. तेवढ्यावर गाडी जेमतेम दहा किलोमीटर जाईल. टपावरच्या पट्टीवर लेहला जाणे होणार नाही. गाडी मुळातच हलकी आणि पट्ट्यांनी मढवलेली बनवली तर गोष्ट वेगळी. नेदरलँड्समधल्या आइंडहोवेनच्या विद्यार्थ्यांनी २०२३ मध्ये अशी १,२०० किलोची गाडी मोरोक्कोत आणि सहाराच्या वाळूत १,००० किलोमीटर चालवून दाखवली. पण ती प्रयोगाची गाडी होती.

तीच पट्टी टपाऐवजी जमिनीवर ठेवली तर चित्र बदलते. रोज ३४ युनिट मिळवायला अशा २१-२२ पट्ट्या पुरतात. त्यांना जागा लागते सुमारे ४४ चौरस मीटर, म्हणजे एका वर्गखोलीच्या छपराएवढी. दर रात्री एक गाडी भरायला एका वर्गाचे छप्पर आणि दिवसाची वीज रात्रीसाठी राखायला एक साठवण-बॅटरी. दहा गाड्यांना दहा छपरे. नियोजन कसे करावे हे या एका उदाहरणावरून कळते. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने लडाखमधील १३ गिगावॉटच्या अक्षय ऊर्जा प्रकल्पासाठी पांगपासून हरियाणातल्या कैथलपर्यंत वीजवाहिनी उभारायला मंजुरी दिली. ज्या पांगच्या उन्हातून दूरच्या शहरांना वीज पाठवण्याची योजना आहे, त्या पांगच्या तंबूत रात्री एक प्लग चालावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

वेळ, धीर आणि दोर

गणितात न बसणाऱ्या काही गोष्टी उरतात. ग्रामीण भागात व्होल्टेज १७० वर आले तर तोच प्लग साडेतीनऐवजी अडीच किलोवॉट देतो आणि दहा तासांचे काम चौदा तासांवर जाते. भूसंपर्कन, म्हणजे अर्थिंग, नसेल तर चार्जर वीज घ्यायलाच नकार देतो. ते त्याने बरोबरच केलेले असते, पण आडगावी हा अनुभव चालकाला रडकुंडीला आणतो. विजेची गाडी बंद पडली तर दोर बांधून ओढत नेता येतेच असे नाही. चाके फिरली की मोटरही फिरते, म्हणून बहुतेक गाड्या ट्रकवर चढवूनच न्याव्या लागतात. बॅटरीची पेटी गाडीच्या तळाशी असते. ती पाण्याला दाद देत नाही, पण दगडाचा ठोसा तिला महागात पडू शकतो.

खिंडीत रात्र काढावी लागली तर? बॅटरीत २० युनिट असतील तर दीड किलोवॉटचा हीटर तेरा तास चालेल. शिवाय बर्फात अडकलेल्या गाडीचे इंजिन चालू ठेवून झोपण्यात कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेची जी भीती असते, ती इथे नाही. मात्र बॅटरीत तीन युनिटच असतील तर दोन तासांत ऊब संपेल, आणि कोणी वाटसरू डब्यातून चार लिटर ओतून आपल्याला सोडवू शकणार नाही. शिल्लक राखण्याचा नियम म्हणून अधिक कडकपणे पाळायला हवा.

धीर असेल तर काय होऊ शकते याचे उदाहरण वीबे वाकर या डच तरुणाचे आहे. जुनी गाडी विजेवर चालेल अशी बदलून तो २०१६ च्या मार्चमध्ये नेदरलँड्सहून निघाला आणि वाटेतल्या लोकांनी देऊ केलेली वीज घेत २०१९ च्या एप्रिलमध्ये सिडनीला पोचला. गाडी एका भरणीत सुमारे २०० किलोमीटर जाई. प्रवास झाला सुमारे ९५,००० किलोमीटरचा आणि दिवस लागले १,११९. गाडीने कुठेही जाता येते हे त्याने सिद्ध केले. त्यासाठी किती वेळ काढावा लागतो हेही सिद्ध केले.

तेव्हा ‘विजेची गाडी दुर्गम प्रवासाला चालेल का’ या प्रश्नाचे ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. पुढचा प्लग किती दूर आहे? त्याच्याशी थांबायला आपल्याकडे किती वेळ आहे? आणि काही बिघडले तर हातात किती शिल्लक राहील? सहलीला निघालेल्या कुटुंबासाठी पांगचा मुक्काम आनंदाचा असेल. बाळंतिणीला घेऊन निघालेल्या रुग्णवाहिकेला दहा तास थांबता येत नाही. तिच्यासाठी आज तरी या रस्त्यावर डिझेलच योग्य. एकाच रस्त्याची दोन उत्तरे येतात आणि दोन्ही बरोबर असतात.

हा पाठ वर्गात घ्यायचा असेल तर लडाखला जाण्याची गरज नाही. आपल्या तालुक्यातले सर्वांत आडबाजूचे गाव निवडावे. तिथपर्यंतचे अंतर, वाटेतला चढ, गावात वीज दिवसाचे किती तास असते आणि शाळेच्या प्लगला प्रत्यक्षात किती व्होल्ट मिळतात, एवढे विद्यार्थ्यांनी शोधून आणावे. जाऊन-येऊन किती युनिट लागतील ते त्यांनी वरच्या रीतीने काढावे. उत्तरे वेगवेगळी येतील, वाद होतील. वाद करताना प्रत्येकाने आपला आकडा कुठून आणला ते सांगावे, एवढाच नियम ठेवावा.